खेळ बघायचा की खेळायचा?

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मामा, बाबांना सांग ना, माझा पीएस४ टाकाऊ झालाय." पीएस४ म्हणजे तिचा सोनीचा गेम कन्सोल, प्लेस्टेशन ४. बिघडलाय का, असं विचारलं तर नाही म्हणाली. डिस्क वाचतो, कंट्रोलर चार्ज होतो, पंखा जरा जास्त आवाज करतो एवढंच. मग टाकाऊ कसा? "ग्राफिक्स जुने आहेत त्याचे. वर्गातली मुलं हसतात." ज्या दुकानात ती खेळून झालेल्या डिस्क देऊन दुसऱ्या घेते, तिथेही तिला हेच ऐकवलं होतं. पीएस४ आता भंगार, साधा पीएस५ घेतलास तर वर्षभरात पस्तावशील, बाहेरून आणलेला पीएस५ प्रो घे, पिक्चर बघतच राहशील.

याच मुलीने दोन महिन्यांपूर्वी, परीक्षा संपल्या संपल्या, मला फोनवर अर्धा तास 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'बद्दल सांगितलं होतं. या गेममध्ये रस्ता दाखवायला पडद्यावर बाण येत नाही. वारा सुटतो, गवत आणि झाडांची पानं एका बाजूला झुकतात आणि त्या दिशेला घोडा सोडायचा. "कुठे जायचंय ते विसरूनच गेले, नुसती घोड्यावरून फिरत होते," असं ती म्हणाली होती. गेम २०२० सालचा, पीएस४ साठी बनवलेला. या दोन महिन्यांत त्या वाऱ्यात, त्या गवतात काय बदललं? काहीही नाही. चार जणांनी तिला सांगितलं की तुला जे सुंदर दिसतंय ते सुंदर नाही, आणि तिने ते खरं मानलं. मला या गोष्टीचा संताप आहे आणि तो मी लपवणार नाही.

आधी हे मत नीट मांडतो, कारण समोरच्याचं म्हणणं पातळ करून खोडण्यात काही अर्थ नसतो. ते लोक म्हणतात: नव्या कन्सोलचं चित्र जुन्यापेक्षा इतकं सरस आहे की फरक आंधळ्यालाही कळेल. गेम हे शेवटी डोळ्यांचं माध्यम आहे, त्यामुळे चित्र सुधारलं की गेम सुधारतो. प्रत्येक पिढीत असंच झालं, पुढेही असंच होणार. जो जुन्यावर अडून बसतो तो मागे राहतो. आणि परवडत नाही म्हणून काही लोक ग्राफिक्सला नावं ठेवतात. या पाचही मुद्द्यांना एकेक करून उत्तर आहे.

पहिला मुद्दा, फरक दिसतो. कुठे दिसतो? तुलनेच्या व्हिडिओंमध्ये. तिथे दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवतात, हलतं चित्र थांबवतात, एका कोपऱ्यातलं कुंपण चौपट मोठं करतात आणि गोल करून दाखवतात की बघा, इथली तार तुटक होती, ती आता सलग झाली. गेम असा कोण खेळतं? शत्रू अंगावर धावून येत असताना थांबून, टीव्हीला नाक लावून मागच्या कुंपणाची तार कोण मोजतं?

घरातली गोष्ट घरातच तपासावी म्हणून भाचीकडे गेलो तेव्हा मोजमापाची टेप घेऊन गेलो. तिच्या हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही आहे आणि सोफ्याच्या पाठीपासून पडद्यापर्यंतचं अंतर भरलं आठ फूट. आता हिशोब करा. सर्वसाधारण चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा ओळखू शकते. आठ फुटांवर याचा अर्थ होतो साधारण ०.७ मिलीमीटर. ४३ इंची पडद्यावर फुल एचडी चित्राचा एक ठिपका सुमारे अर्धा मिलीमीटरचा असतो. म्हणजे पीएस४ जे चित्र पाठवतो त्याचेच ठिपके या सोफ्यावरून सुटे दिसत नाहीत. नव्या कन्सोलच्या ४के चित्रात तोच ठिपका पाव मिलीमीटरचा होतो. जे अर्ध्या मिलीमीटरला दिसत नव्हतं ते पाव मिलीमीटरला दिसायला लागेल का? या टीव्हीवर ४के चा फायदा सुरू व्हायला साडेपाच फुटांच्या आत येऊन बसावं लागेल. टीव्ही ५५ इंची घेतला तरी आठ फुटांवर फुल एचडीचा ठिपका नजरेच्या मर्यादेतच बसतो. तीक्ष्ण नजरेच्या माणसाला थोडं अधिक दिसेल, पडद्यावर हलणाऱ्या कडांची लुकलुक कमी झालेली जाणवेल, हे मान्य. पण "आंधळ्यालाही कळेल" म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या सोफ्यापासून टेप लावावी.

रंगांची खोली वाढते म्हणतात, तेही तपासून घ्या. ज्याला एचडीआर म्हणतात ती सोय पीएस४ ला २०१६ मध्येच एका सॉफ्टवेअर अपडेटने मिळाली आहे. रंग खुलतात ते चांगल्या टीव्हीमुळे. आणि खोक्यावरच्या आकड्यांचं काय होतं, तेही गेल्या काही वर्षांत दिसलं. पीएस५ च्या खोक्यावर ८के असं ठळक छापलेलं होतं. ते वाचून लोकांनी कन्सोल घेतला. ८के चित्र देणारे गेम मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच निघाले, आणि २०२४ मध्ये नव्या खोक्यांवरून तो शिक्का नाहीसा झाल्याचं लोकांच्या लक्षात आलं. ज्या आकड्यावर माल विकला तो आकडा खोक्यावरूनच पुसला जातो, तर त्या आकड्याच्या जोरावर एका मुलीचा चालता कन्सोल भंगारात काढायचा अधिकार कुणाला कसा मिळतो?

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. चित्र सुधारलं की गेम सुधारतो, असं म्हणतात. याची परीक्षाही आम्ही केली. माझ्या एका मित्राकडे पीएस५ आहे. त्याच्याकडे 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' लावला. या गेममध्ये दोन मोड मिळतात. एकात चित्राची गुणवत्ता जास्त ठेवतात, दुसऱ्यात चित्र थोडं उतरवून हालचाल दुप्पट सलग करतात. भाचीला पाठमोरं बसवलं. गेमचा नायक क्रेटोस याला बर्फात एका जागी उभा केला, मोड बदलला, मग तिला वळून सांगायला सांगितलं की आत्ता कुठला मोड आहे. दहा वेळा विचारलं, सहा वेळा तिचं बरोबर आलं. माझं पाच वेळा. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी एवढंच आलं असतं.

मग तिच्या हातात कंट्रोलर दिला आणि तीच परीक्षा घेतली. आता फक्त चालायचं, कुऱ्हाड फेकायची, मान फिरवायची. दहापैकी दहा. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदांत. "हा हलका आहे," "हा जड आहे," अशा शब्दांत तिने सांगितलं. चांगला किंवा वाईट दिसतो असं ती एकदाही म्हणाली नाही.

या दोन परीक्षांमध्येच माझं सगळं म्हणणं आलं. ग्राफिक्स हे बघणाऱ्याचं मोजमाप आहे. खेळणाऱ्याचं मोजमाप वेगळं असतं. सेकंदाला ३० चित्रं असतील तर नवीन चित्र यायला ३३ मिलिसेकंद लागतात, ६० असतील तर जेमतेम १७. हा फरक बोटांना कळतो, कारण बटण दाबलं आणि पडद्यावर काहीतरी झालं यामधली वाट तेवढी कमी होते. त्सुशिमामध्ये शत्रूसमोर उभं राहून बटण दाबून धरायचं असतं आणि तो खरोखर वार करतो त्या क्षणी सोडायचं असतं. आधी सुटलं तर फसलात, उशीर झाला तर मेलात. तो क्षण पकडताना शत्रूच्या चिलखताची कड्यान्‌कडी दिसते की नाही याला किती महत्त्व उरतं?

आणि हे माझ्या भाचीपुरतं नाही. १० सप्टेंबर २०२४ रोजी सोनीने पीएस५ प्रो जाहीर केला, तेव्हा या कन्सोलचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी स्वतःच सांगितलं की निवड करायची वेळ येते तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश वेळा खेळाडू परफॉर्मन्स मोड निवडतात, म्हणजे चित्र कमी आणि हालचाल जास्त. ज्यांनी पीएस५ विकत घेतला, त्यातल्या चांगल्या चित्रासाठी पैसे मोजले, त्या लोकांच्या हातात निवड दिली आणि त्यांनी चार वेळांपैकी तीन वेळा ते चांगलं चित्र बाजूला ठेवलं. खेळणाऱ्यांनी याहून स्पष्ट कौल कसा द्यायचा?

यावर उत्तर येतं की म्हणूनच तर प्रो काढला, त्यात चित्र आणि हालचाल दोन्ही मिळतात, निवड करावीच लागत नाही. पण ज्यांनी निवड केली त्यांचा काही तोटा झाला होता का? त्यांनी जी गोष्ट सोडली ती त्यांना नको होती म्हणूनच सोडली ना? ताटात वाढलेली भाजी कुणी खाल्ली नाही म्हणून त्याच भाजीची दुप्पट वाटी वाढून दाम जास्त लावणं, हे त्याच्या भुकेला उत्तर नाही.

तिसरा मुद्दा इतिहासाचा. प्रत्येक पिढीत झेप आली, मग आताच शंका का? कारण झेप आणि पाऊल यांत फरक असतो. माझ्या पिढीने हे सगळं डोळ्यांसमोर पाहिलंय. नव्वदच्या दशकात आमच्याकडे आठ बिटांचा व्हिडिओ गेम होता, कॅसेट फुंकून लावायची आणि कॉन्ट्रा खेळायचा. माणूस डावीकडून उजवीकडे पळायचा, बस. मग एका श्रीमंत मित्राकडे पहिला प्लेस्टेशन आला आणि पडद्याला आत खोली आहे हे पहिल्यांदा कळलं. वळता येत होतं, मागे काय आहे ते बघता येत होतं. पुढे पीएस२ वर २००१ मध्ये जीटीए ३ आला तेव्हा एक अख्खं शहर मोकळं मिळालं, गाडी काढायची आणि कुठेही जायचं. या प्रत्येक वेळी आधीच्या यंत्रावर होऊच शकला नसता असा खेळ नव्या यंत्रावर झाला. त्यासाठी नवं यंत्र घेणं योग्यच होतं.

आता आकडे बघा. गणनशक्ती टेराफ्लॉप्समध्ये मोजतात. पीएस४ ची १.८४, पीएस५ ची १०.२८, पीएस५ प्रोची १६.७. पीएस४ ते पीएस५ साडेपाच पट. पीएस५ ते प्रो दीड पटीच्या जरासं वर. सोनीच्या स्वतःच्या दाव्यानुसार चित्र तयार करण्याचा वेग वाढला तो ४५ टक्क्यांपर्यंत. हे वाईट नाही, पण प्रो बाजारात आला तेव्हा फक्त प्रोवर चालेल आणि साध्या पीएस५ वर चालणार नाही असा एकही गेम नव्हता. त्या जाहीर सादरीकरणात दाखवले गेले ते गेमही आठवा. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' हा मुळात २०२० चा पीएस४ चा गेम. 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट' २०२१ चा. मिरवणुकीतली लांबची गर्दी आता जास्त स्पष्ट दिसते, हे त्यात दाखवलं. नव्या यंत्राची थोरवी सांगायला बनवणाऱ्यांनाच जुने गेम काढावे लागले आणि त्यातही लांबच्या गर्दीकडे बोट दाखवावं लागलं. आतल्या खोलीचा शोध लागणं आणि लांबच्या गर्दीचे चेहरे जरा स्पष्ट होणं, या दोन्हींना एकाच शब्दाने झेप म्हणायचं का?

चौथा मुद्दा, मागे राहण्याचा. मुलांना भीती घालायला हाच मुद्दा सगळ्यात जास्त वापरला जातो, म्हणून याची चीड सगळ्यात जास्त आहे. पीएस५ अमेरिकेत आला नोव्हेंबर २०२० मध्ये, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. त्यानंतर पीएस४ च्या मालकांच्या नशिबी काय आलं? २०२२ मध्ये 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' आला, पीएस४ वरही. 'ग्रॅन टुरिस्मो ७' आला, पीएस४ वरही. 'एल्डन रिंग' आला, वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम ठरला, पीएस४ वरही. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' आला, पीएस४ वरही. दुकानदार ज्याला भंगार म्हणतो त्या यंत्रावर नवा कन्सोल आल्यानंतरची दोन वर्षं हे सगळं खेळता येत होतं. २०२४ मधला 'बलात्रो' हा एकट्या माणसाने बनवलेला पत्त्यांचा गेम, ज्याने त्या वर्षी बक्षिसांवर बक्षिसं मिळवली, तोही पीएस४ वर चालतो.

आता पीएस४ ची वेळ संपत आली आहे, हे मी नाकारत नाही. 'स्पायडर-मॅन २' त्यावर नाही, 'अ‍ॅस्ट्रो बॉट' नाही, जीटीए ६ ही पीएस५ आणि नव्या एक्सबॉक्ससाठीच जाहीर झाला आहे. ज्याला हे गेम खेळायचे आहेत त्याने पीएस५ जरूर घ्यावा. पण ते कारण गेमचं आहे. त्यात चित्राचा संबंध नाही. लोडिंगचंही तसंच. पीएस४ मध्ये फिरती हार्ड डिस्क आहे, मोठा गेम उघडायला मिनिट-दीड मिनिट थांबावं लागतं. पीएस५ मध्ये एसएसडी आहे, काही सेकंदांत काम होतं. मेल्यावर परत उभं राहायला वेळ लागत नाही, त्यामुळे पुन्हा प्रयत्न करायचा कंटाळा येत नाही. हा खरा फायदा आहे आणि तोही खेळणाऱ्याच्या हाताला मिळतो. नव्या कन्सोलच्या बाजूने जेवढी म्हणून खरी कारणं आहेत, ती काढून एका बाजूला ठेवा आणि बघा: नवे गेम, सलग हालचाल, झटपट लोडिंग. ज्या एका गोष्टीचं सगळ्यात मोठं चित्र खोक्यावर छापतात ती गोष्ट या यादीत सापडत नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. प्रोची अमेरिकेतली किंमत आली तेव्हा ६९९.९९ डॉलर होती. त्यात डिस्क ड्राइव्ह नाही, ती ७९.९९ डॉलरला वेगळी. उभा ठेवायचा स्टँडही वेगळा, २९.९९ डॉलर. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत किंमत वाढवून ७४९.९९ केली. पूर्वी कन्सोल जसजसा जुना होई तसतसा स्वस्त होत असे. पीएस२ २९९ डॉलरला आला आणि शेवटी ९९ ला मिळायला लागला. आता उलट चाललं आहे. आपल्याकडे प्रो आला तेव्हा सोनीने भारताला वगळलं होतं, कारण त्यातल्या वाय-फाय ७ ला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे तेव्हा खुला नव्हता. म्हणजे दुकानदार भाचीला जो घ्यायला सांगत होता तो बाहेरून आणलेला, वर दलाली चढलेला.

आणि त्याला डिस्कची खाच नाही. ज्यांनी आपल्याकडे मुलांना गेम खेळताना पाहिलंय त्यांना याचा अर्थ कळेल. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या आसपास जाऊन बघा. साधा पीएस५ इथे ४९,९९० ला आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. सोनीचा नवा गेम चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपयांना. हे पैसे मुलं पेलतात कशी? डिस्क आणतात, महिनाभर खेळतात, परत देतात, वरचे काही रुपये भरून दुसरी घेतात. एक डिस्क पाच घरांत फिरते. चाळीतल्या दोन पोरांनी मिळून अर्धे-अर्धे घातलेले असतात. डाउनलोड केलेला गेम ना विकता येतो, ना मित्राला देता येतो. आठ फुटांवरून न दिसणाऱ्या ठिपक्यांसाठी मुलांच्या हातातली ही अख्खी देवाणघेवाण मोडून टाकायची, हा व्यवहार कुठल्या हिशोबात बसतो? ५४,९९० रुपयांत पूर्ण किमतीचे अकरा नवे गेम येतात. फिरत्या डिस्कच्या हिशोबाने तर किती तरी वर्षांचं खेळणं होतं.

पाचव्या मुद्द्याआधी आणखी एक आक्षेप, सौंदर्याचा. म्हणतात, ग्राफिक्सला नावं ठेवता म्हणजे तुम्हाला सौंदर्याची किंमत नाही. माझं उत्तर असं की सौंदर्याची किंमत आहे म्हणूनच मी ग्राफिक्सच्या आकड्यांना सौंदर्य म्हणायला तयार नाही. 'ओकामी' २००६ मध्ये पीएस२ वर आला, शाईच्या फटकाऱ्यांनी काढल्यासारखा. आजही तो गेम डोळ्यांचं पारणं फेडतो. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' निन्टेन्डो स्विचवर हातात धरून खेळताना ७२०पी चित्रात चालतो, आणि डोंगरमाथ्यावर उभं राहून खाली पसरलेली दरी बघताना कुणाचाही श्वास रोखला जातो. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स या स्टुडिओने 'राजी' बनवला. पहाडी चित्रशैलीतले रंग हाताने रंगवून भिंतींवर, खांबांवर चढवले आणि कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या वापरल्या. हा गेम २०२० मध्ये सर्वांत आधी आला तो स्विचवर, म्हणजे त्या वेळच्या कन्सोलमधल्या सगळ्यात अशक्त यंत्रावर. तो देखणा दिसतो, कारण तो कसा दिसावा हे कुणीतरी ठरवलं होतं.

मराठी माणसाला हे वेगळं समजवायची गरज पडू नये. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा, काळा-पांढरा. आजच्या फोनच्या कॅमेऱ्यातही त्याहून जास्त तपशील टिपला जातो. म्हणून तो सिनेमा भंगार झाला का? विष्णुपंत पागनिसांचा चेहरा अधिक ठिपक्यांत दिसला असता तर त्या डोळ्यांतली भक्ती वाढली असती का?

चित्राच्या या शर्यतीची किंमत फक्त विकत घेणारे देत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट-अ‍ॅक्टिव्हिजन खटल्यात सोनीची कागदपत्रं उघड झाली, त्यात 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर आणि 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'चा २१ कोटी २० लाख डॉलर असल्याचं दिसलं. शेकडो माणसांची पाच-पाच वर्षं. एवढा पैसा अडकला की कुणी नवी कल्पना आजमावायचं धाडस करत नाही. ठरलेल्या नावाचा दुसरा भाग येतो, मग तिसरा, मग पहिल्याचीच नव्याने घासूनपुसून काढलेली आवृत्ती. आम्हाला अधिक चित्र हवं असा हट्ट आपण धरतो तेव्हा आपण कमी खेळ मागत असतो, आणि तेच आपल्याला मिळतंय.

आता पाचवा मुद्दा. परवडत नाही म्हणून बोलता, असं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. ज्याच्याकडे पैसे आहेत, मोठा पडदा आहे, आणि पडद्यापासून पाच फुटांवर बसून प्रत्येक सावली न्याहाळण्यात ज्याला आनंद आहे, त्याने प्रो घ्यावा. माझी त्याच्याशी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती स्वतःचा शौक दुसऱ्याच्या घरात न्यूनगंड म्हणून पाठवणाऱ्यांशी. पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या आवडत्या गोष्टीची लाज वाटायला लावण्याचा अधिकार कुठल्याही टेराफ्लॉपला नाही.

म्हणून घरोघरच्या आई-बाबांना आणि मामा-काकांना सांगणं आहे. मुलाने नवा कन्सोल मागितला तर त्याला विचारा, त्यावर तुला कोणता गेम खेळायचाय? त्याने गेमचं नाव घेतलं, तो गेम हातातल्या यंत्रावर चालत नसेल आणि तुमच्या खिशाला झेपत असेल तर खुशाल घ्या. उत्तर फक्त "ग्राफिक्स" असं आलं तर टेप काढा, सोफ्यापासून टीव्हीपर्यंत धरा आणि त्याच्यासोबत बसून हिशोब करा. कन्सोल नव्या खेळासाठी बदलायचा असतो. नव्या चित्रासाठी बदलण्यासारखं आज बाजारात काहीही नाही.

भाचीने बाबांकडे हट्ट केला नाही. तिचा पीएस४ अजून त्याच हॉलमध्ये आहे, पडद्यापासून सोफा आठ फुटांवर.